कढईमागच्या माणसाचा विमा

सकाळी सात वाजता अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टॉवर चौकात नाश्त्याच्या हॉटेलापुढे उभं राहा. कढईतून आलूबोंड्यांचा घाणा निघत असतो, गिऱ्हाईक प्लेटीची वाट पाहत असतं. झारा धरलेला माणूस मात्र पहाटे चारपासून तिथे उभा आहे. मे महिन्यात वऱ्हाडात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. भट्टीपुढची धग त्याहून वेगळी. तेल उडालं आणि हात भाजला, तर हा माणूस पंधरा-वीस दिवस कामावर येऊ शकत नाही. तेवढ्या दिवसांची रोजी त्याला कोण देणार?

आपल्याकडे याचं जुनं उत्तर ‘शेठ बघतील’ हे आहे. पुष्कळ शेठ खरोखर बघतातही. दोन वेळचं जेवण देतात, राहायला खोली देतात, मुलीच्या लग्नाला उचल देतात, दवाखान्याचं बिल भरतात. या माणुसकीला कमी लेखण्याचं कारण नाही. पण ती शेठच्या मनावर आणि गल्ल्यावर अवलंबून असते. धंदा मंदावला की ती आटते, आणि उचल फिटेपर्यंत कामगार बांधला जातो. म्हणून कायद्याने दुसरी सोय करून ठेवली आहे. तिचं नाव कर्मचारी राज्य विमा योजना, बोलण्यात ‘ईएसआय’.

या योजनेचा पाया एका मराठी अर्थतज्ज्ञाच्या अहवालात आहे. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सरकारला दिला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. १९५४ साली ती नागपुरात आली. नागपूर आणि वऱ्हाड तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होते. सुरुवातीला हा विमा गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांचा मानला जाई. हॉटेल म्हणजे काही कारखाना नव्हे, अशी सर्वांची समजूत होती.

ही समजूत सर्वोच्च न्यायालयाने दोनदा खोडून काढली. हॉटेलच्या स्वयंपाकघरात पदार्थ तयार होतात, ते उत्पादनच आहे, असं जी. एल. हॉटेल्सच्या खटल्यात १९९३ साली ठरलं. पुढे बॉम्बे आनंद भवन या बंगळुरूच्या उपाहारगृहाचा वाद २००९ मध्ये न्यायालयापुढे आला. कायद्यात तेव्हा यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या जागेसाठी १० कामगारांची अट होती, न वापरणाऱ्या जागेसाठी २० ची. आम्ही शक्ती वापरत नाही, असं मालकांचं म्हणणं. न्यायालयाने स्वयंपाकाच्या गॅसकडे बोट दाखवलं. नळीतून येणारा तो गॅस माणसाच्या किंवा जनावराच्या बळावर चालत नाही, तेव्हा तीही शक्तीच. कढईखालच्या निळ्या जाळाने आचाऱ्याला विमा मिळवून दिला.

आता हिशेब मांडू. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार या योजनेत येतो. जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का आहे. १२,००० रुपये पगाराच्या वेटरचे महिन्याला ९० रुपये कापले जातात आणि मालक ३९० रुपये घालतो. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हे ४८० रुपये भरायचे असतात.

त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना उपचार मिळतात. कामावर भाजलं, घसरून हाड मोडलं, तर बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. वर सांगितलेल्या वेटरला ती रोज ३६० रुपये पडेल. त्यासाठी किती महिने वर्गणी भरली हे पाहिलं जात नाही. रात्री बाराला हॉटेल बंद करून सायकलीने घरी जाताना अपघात झाला, तर २०१० च्या दुरुस्तीनंतर तोही कामावरचाच धरता येतो. कावीळ, टायफॉइड अशा आजारात वर्गणीची अट पूर्ण असेल तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. पोळ्या लाटणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बाईला बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण पगार मिळतो, तिथेही वर्गणीची अट आहे. कामावर मृत्यू आला तर घरच्यांना निवृत्तिवेतन सुरू होतं.

महात्मा फुले जनआरोग्य योजना असताना हे कशाला, असं काही जण विचारतात. त्या योजनेतून ऑपरेशन होतं, पण बुडालेली रोजी भरून मिळत नाही. रोजावर जगणाऱ्या घराला आजारापेक्षा खाडाच जास्त जाचतो.

बाकीचे हक्कही याच रांगेत आहेत. २० माणसांच्या हॉटेलला भविष्य निर्वाह निधी लागू होतो आणि मालक-कामगार दोघांचे १२-१२ टक्के जमा होतात. त्याचं कार्यालय अकोल्यातच आहे. दहा माणसांच्या ठिकाणी पाच वर्षं काढलेल्या कामगाराला ग्रॅच्युइटी मिळते, दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. १२,००० च्या आचाऱ्याला दहा वर्षांनी सुमारे ६९,००० रुपये.

ईएसआय योजनेत उणीव आहे. तिचं मोठं रुग्णालय नागपुरात सोमवारी पेठेत. अमरावतीहून सुमारे दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. भाजलेल्या माणसाला एवढं अंतर फार होतं. अमरावती-अकोल्यात उपचारांची सोय वाढावी, ही मागणी हॉटेलवाल्यांच्या संघटनांनी आणि कामगारांनी एकत्र करायला हवी, कारण पैसे दोघेही भरतात.

खरी अडचण मात्र नोंदीची आहे. हॉटेलातला कामगार टिकत नाही, असं मालक सांगतात. मेळघाटातून आलेला पोऱ्या होळीला गावी जातो, तो परतेलच असं नाही. पण विम्याचा क्रमांक माणसाबरोबर फिरतो. अमरावतीत मिळालेला क्रमांक अकोल्याच्या हॉटेलातही चालतो, पुण्यातही. हजेरीपटावर नावच नसेल तर मात्र भाजलेला हात कोणत्याही कायद्याला दिसत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे, आणि दहापेक्षा कमी माणसं असलेला मालकही कामगारांच्या संमतीने स्वतःहून विम्यात येऊ शकतो.

म्हणून हॉटेलमालकांना एवढंच सांगणं आहे: येत्या पगाराच्या दिवशी हजेरीपट उघडा, प्रत्येक नावापुढे विम्याचा क्रमांक आहे का ते पाहा. नसेल तर त्याच आठवड्यात नोंद करा. माणसामागे महिन्याला ३९० रुपये, म्हणजे दिवसाला १३. वऱ्हाडातल्या कोणत्याही चालत्या हॉटेलला एवढं झेपतं.