गाविलगडाच्या दोन उतारांचे पाणी

राष्ट्रीय उद्यान म्हटले की नागपूरकराला पेंच आठवते, फार तर ताडोबा. तिथे टेकड्या आहेत, पण डोंगरांचा खरा मुलूख अमरावतीच्या उत्तरेला, मेळघाटात आहे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशभरातून निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत महाराष्ट्रातले हे एकच होते. त्याचा गाभा म्हणजे ३६१ चौरस किलोमीटरचे गुगामल राष्ट्रीय उद्यान.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी ही गाविलगडची रांग घडली. अचलपूरहून पाहिले तर ती भिंतीसारखी उभी दिसते, कारण दक्षिण पायथ्याशी भूस्तराला मोठा भंग आहे. माथ्यावर वैराट, उंची ११७८ मीटर. उत्तरेला मात्र उतार सावकाश, दऱ्याखोऱ्यांतून वळत तापीकडे जातो.

पाण्याची गंमत इथेच आहे. माथ्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्यांतून तापीला मिळतो. दक्षिणेचा चंद्रभागा, शहानूर, वाण यांच्यातून पूर्णेत उतरतो. आणि पूर्णाही शेवटी चांगदेवला तापीलाच भेटते! म्हणजे दोन्हीकडचे पाणी एकाच नदीचे, फक्त दक्षिणेचे वऱ्हाडाला वळसा घालून जाते.

या वळशावर वऱ्हाडाचे बरेच काही अवलंबून आहे. डोंगरातून उतरणारे ओढे पायथ्याशी दगडगोटे, वाळू टाकतात आणि त्या सच्छिद्र पट्ट्यात पाणी मुरते. परतवाडा-अचलपूरच्या संत्राबागा याच मुरलेल्या पाण्यावर उभ्या राहिल्या. आणखी दक्षिणेला पूर्णेच्या गाळात खारपाणपट्टा लागतो; तिथे विहिरीला पाणी लागूनही ते पिकाला चालत नाही. पायथ्याशी उपसा इतका वाढला, की बोअर खोल खोल जात राहिले. वरचे जंगल पावसाला थोपवते म्हणून खाली मुरायला काही उरते, हा हिशेब मात्र बागाइतदाराच्या बोलण्यात क्वचितच येतो. वाघाचे जंगल वेगळे आणि आपली विहीर वेगळी, असाच समज.

डोंगरातली मूळ वस्ती कोरकूंची. त्यांची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे नाते थेट झारखंडच्या संताळी-मुंडारीशी. 'सिपना' म्हणजे कोरकूत साग; नदीच्या नावातच जंगल आहे. बोरी, कोहा, कुंड ही गावे गाभ्यातून उठवून अकोटकडच्या सपाटीवर वसवली गेली. सोडलेल्या शेतांवर गवत माजले, सांबर-गवे चरायला आले. जंगलाच्या बाजूने हा लाभ खरा, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांच्यामागून उठलेल्या इतर काही गावांतली माणसे जमीन आणि सोयींच्या तक्रारी घेऊन पुन्हा डोंगर चढली. जानेवारी २०१९ मध्ये अशा परतलेल्या गावकऱ्यांची आणि बंदोबस्तावरच्या कर्मचाऱ्यांची चकमक झाली. दोन्हीकडची माणसे जखमी झाली.