डोंगरांचे वय आणि माणसाचे आयुष्य

दुरून डोंगर साजरे, असे आपले वाडवडील सांगत आले. जवळ गेल्यावर काटे आणि खडक दिसतात, हा त्या म्हणीचा रोख. परंतु डोंगराच्या वयाचा विचार करू लागले म्हणजे मनाला जो कंप सुटतो, तो काट्याखडकांचा नव्हे. मुले शाळेतून पुस्तक घेऊन येतात आणि सांगतात की, सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. आईबाप दचकतात. कोणाला वाटते, हे शिक्षण श्रद्धेच्या मुळावर येणार. कोणाला वाटते, एवढ्या अफाट काळापुढे आपण कोण? दोन्ही शंका प्रामाणिक आहेत. म्हणून, वाचकहो, त्यांचा शांतपणे विचार करू या.

महाबळेश्वरच्या कड्यांकडे पाहावे. पायऱ्या रचाव्यात तसे थरावर थर तेथे दिसतात. भूमीच्या भेगांतून वाहत आलेला तप्त रस थिजून हे थर झाले. बेळगावच्या दक्षिणेस हा काळा कातळ संपत जातो आणि त्याहून पुष्कळ प्राचीन पाषाण उघडा पडतो. बंगळूरच्या लालबागेतील टेकडीचा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा मानला जातो. त्याच्यापुढे हिमालयदेखील बालकच. कारण भारताची भूमी आशियाला भिडून तो उंचावू लागला, त्यास सुमारे ५ कोटी वर्षे झाली.

हे आकडे कल्पनेने काढलेले नाहीत. काही खडकांत युरेनियम असते. त्याचे ठरलेल्या गतीने शिशात रूपांतर होत असते. त्याच्या मुख्य प्रकारातील निम्मा भाग पालटण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. किती युरेनियम उरले आणि किती शिसे झाले, हे मोजून खडकाचे वय काढतात.

आता लालबागेच्या त्या खडकाचे सारे वय एका वर्षात बसवून पाहा. प्रभू येशूच्या जन्मापासूनची दोन हजार वर्षे त्या वर्षाच्या अखेरच्या २१ सेकंदांत मावतात. ऐंशी वर्षे जगलेल्या आजोबांचे आयुष्य एक सेकंदही भरत नाही! मन अस्वस्थ व्हावे, यात नवल कसले? १७८८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जेम्स हटन ह्यांनी आपल्या सोबत्यांना एक खडक दाखविला. खालचे थर उभे, वरचे तिरपे. खालचा गाळ साचून दगड व्हावा, उभा व्हावा, झिजावा आणि मग त्यावर नवा गाळ साचावा, ह्याला किती युगे लागली असतील! सोबती जॉन प्लेफेअर ह्यांनी पुढे लिहून ठेवले की, काळाच्या त्या खोल दरीत डोकावताना आपल्याला भोवळ आल्यासारखे झाले.

परंतु थर वाचण्याची ही विद्या श्रद्धेची वैरीण नव्हे. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा नियम १६६९ साली मांडला निकोलस स्टेनो ह्यांनी. हे डेन्मार्कचे विद्वान १६६७ साली कॅथलिक झाले, पुढे धर्मगुरू आणि १६७७ मध्ये बिशप झाले. वर्षांचा हिशेब त्यांनी केला नाही. तरी ज्या वाटेने तो पुढे झाला, ती वाट त्यांनी आखून दिली. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८८ साली त्यांना धन्य घोषित केले. जगाची उत्पत्ती ख्रिस्तपूर्व ४००४ साली झाली, हे गणित आयर्लंडचे अँग्लिकन आर्चबिशप अशर ह्यांचे. ते कॅथलिक धर्मसिद्धान्त कधीच नव्हते. उलट, १९५१ साली पोप पायस बारावे ह्यांनी शास्त्रज्ञांपुढे भाषण करताना खडकांच्या अब्जावधी वर्षांचा उल्लेख आनंदाने केला.

पहिल्या शंकेचे असे निरसन होते. दुसरी अधिक खोल आहे. आपण इतके अल्प, मग आपली किंमत ती काय? येथे आपण लांबी आणि मोल ह्यांची गल्लत करतो. कातळ कोट्यवधी वर्षे पडून आहे. पण त्याला ना स्वतःचे वय ठाऊक, ना शेजारच्या झऱ्याचे नाव. एका क्षणाचा सोबती असलेला माणूस मात्र त्याचे वय मोजतो, आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागतो, चुकलेल्याला क्षमा करतो. ह्यांतले काहीएक पर्वताला साधत नाही.

शिवाय पर्वतही चिरंजीव नाही. दर पावसाळ्यात तो कणाकणाने झिजतो. काळ्या कातळाची झीज होऊनच आपल्या शेताची काळी कसदार माती झाली. तिच्यात पिकलेली भाकरी आपण रोज मोडून खातो. नव्वदाव्या स्तोत्राचा कर्ता पर्वतांच्याही आधीच्या परमेश्वरापुढे उभा राहून मागतो काय? दीर्घायुष्य नव्हे, तर आपले दिवस मोजण्याचे शहाणपण.

म्हणून मुलाने डोंगराचे वय विचारले, तर त्याचे पुस्तक मिटवू नका. त्याला सोबत घेऊन टेकडीवर जा, दगड हाती द्या आणि जे खरे आहे ते निर्भयपणे सांगा. त्यालाही थोडी भीती वाटेल. वाटू द्या. तो आपला हात अधिक घट्ट धरील. तेवढा वेळ तो धरून ठेवा.