डोंगरउतारावर कोणतं झाड लावायचं?



पावसाळा सुरू झाला की शाळाशाळांत वृक्षारोपण होतं. पण लावलेल्या रोपांपैकी किती जगली, हे पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये मोजलं तरच कार्यक्रमाचा खरा निकाल कळतो. डोंगराळ भागात रोपं मरण्याचं एक मोठं कारण म्हणजे जागा न पाहता, मिळेल ते रोप लावणं. सह्याद्रीच्या उतारांवर कुठे काय लावावं, ते आज समजून घेऊ.

आधी डोंगर पाहू

सह्याद्री हा मुख्यतः काळ्या बसाल्ट खडकाचा. महाबळेश्वर-पाचगणीचे माथे आणि कोकणातले सडे यांवर जांभा दगड आढळतो. उतारावर मातीचा थर पातळ असतो, त्याखाली मुरूम आणि खडक. वाहून आलेली माती पायथ्याला आणि ओढ्याकाठी साठते. पाऊस मात्र चारच महिने, तोही धो धो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. म्हणून इथल्या झाडाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. पावसात माती धरून ठेवायची आणि उन्हाळ्यात पाण्याशिवाय तग धरायचा. इथली स्थानिक झाडं या दोन्ही परीक्षा हजारो वर्षं देत आली आहेत.

कुठे काय लावावं?

सडा आणि खडकाळ माथा: इथे करवंद उत्तम. कमी मातीत वाढतं आणि काट्यांमुळे गुरं फारसं तोंड लावत नाहीत. करवंदीच्या जाळीत दुसऱ्या झाडाचं रोप उगवलं तर तेही शेळ्यांपासून वाचतं. हे फुकटचं कुंपणच! जास्त पावसाच्या माथ्यांवर जांभूळ, हिरडा आणि अंजनी चांगली येतात.

तीव्र उतार: इथली राणी म्हणजे कारवी. ती दाट वाढते, त्यामुळे पावसाचा मारा थेट मातीवर बसत नाही. कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. तिच्या काठ्यांचे कुड घालून भिंती करण्याची पद्धत मुलांच्या आजी-आजोबांना नक्की माहीत असेल.

मध्यम उतार: ऐन, किंजळ, कुंभा, बेहडा. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. ऐन आणि कुंभा यांची साल जाड असल्याने वणव्यातही ही झाडं बऱ्याचदा वाचतात.

ओढ्याकाठ: उंबर, करंज, वाळुंज, निरगुडी. निरगुडी तर फांदी खोचली तरी जगते.

आणि गवत विसरू नका. उघड्या उतारावर पहिली माती धरतं ते गवतच. थोड्या भागात दोन-तीन वर्षं चराई आणि वणवा थांबवला, तर जुन्या बुंध्यांना आपोआप धुमारे फुटतात. काही ठिकाणी खड्डे खणण्यापेक्षा राखण करणं जास्त उपयोगी ठरतं.

मग गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ का नको?

दोन्ही झाडं बाहेरची. गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं. ती भराभर वाढतात, डोंगर हिरवा दिसतो. पण ऑस्ट्रेलियन बाभळीचा पाला लवकर कुजत नाही, त्याचा जाड थर साचतो आणि खाली इतर रोपं कमीच उगवतात. जांभूळ किंवा उंबर जितक्या पक्ष्यांना खाऊ घालतं, तितकं हे झाड घालत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट

30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर दरड कोसळली, दीडशेच्या आसपास माणसं गेली. मुलं विचारतात, "झाडं लावली तर दरड पडणार नाही ना?" इथे खरं उत्तर द्यावं. झाडांची मुळं वरचा थर धरून ठेवतात, धूप कमी करतात. पण खोलवरून सरकणारा डोंगर थांबवणं एकट्या झाडांच्या हातात नसतं. उतार कापणं, पाण्याच्या वाटा बुजवणं हेही थांबायला हवं.

वर्गात काय करता येईल?

1. दोन पसरट डब्यांत माती घ्या, एकात गवत उगवू द्या. दोन्ही तिरपे ठेवून झारीने सारखंच पाणी घाला. खाली आलेलं पाणी दोन पेल्यांत धरा. कोणतं गढूळ आहे, ते मुलंच सांगतील.
2. शाळेजवळच्या उतारावर आधीपासून कोणती झाडं आहेत, त्यांची स्थानिक नावं गावातल्या जाणत्यांकडून लिहून आणायला सांगा. लागवडीची यादी हीच!
3. मे-जूनमध्ये करवंद आणि जांभळाच्या बिया जमवा. जांभळाचं बी ठेवून चालत नाही, ताजंच पेरावं.

रोप लावल्याचा फोटो जुलैत काढतोच. त्याच रोपाचा दुसरा फोटो मुलांना एप्रिलमध्ये काढायला सांगा. डोंगराला काय मानवतं, ते त्यातून कळेल.