कुंडलिकेच्या भरतीवर चालणारी गोष्ट

मराठी ऐतिहासिक कादंबरीत कोकणात येणारा माणूस बहुधा घोड्यावरून येतो. घाट, टापा, मागे धुरळा. पण पेण-रोह्याकडची जुनी गोष्ट लिहायला घेतली आणि तिच्यासाठी गॅझेटिअर, प्रवासवृत्तं, पत्रव्यवहार असं काही वाचायला बसलं, की घोडा मागे पडतो आणि शिडाचा मचवा पुढे येतो. या मुलखाचं घड्याळ भरती-ओहोटीचं होतं. लेखकाने ते समजून घेतलं नाही, तर त्याची सगळी पात्रं चुकीच्या वेळी चुकीच्या ठिकाणी उभी राहतात.

ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन शिवराज्याभिषेकाला हजर होता, हे शाळेपासून आपल्याला माहीत असतं. तो मुंबईहून रायगडावर पोचला कसा, हे फारसं कुणी विचारत नाही. उत्तर त्याच्याच वृत्तांतात आहे. मे १६७४ च्या मध्यावर तो समुद्रमार्गे चौलला आला. पोचेपर्यंत रात्र झाली होती आणि पोर्तुगीजांनी वेशीचे दरवाजे लावून घेतले होते. मंडळींना ती रात्र तटाबाहेरच्या एका चर्चमध्ये काढावी लागली. पुढचा प्रवास कुंडलिका नदीच्या खाडीने, आणि मग वृत्तांतात ‘एस्थेमी’ असं एक नाव येतं. वाचणारा क्षणभर अडखळतो. हे रोह्यासमोर नदीच्या दुसऱ्या काठावरचं अष्टमी! तिथून निजामपूर, गांगवली आणि पाचाड. म्हणजे राज्याभिषेकाला निघालेला इंग्रज वकील आज रोहेकर ज्या नदीवर संध्याकाळी फिरायला जातात, त्याच नदीच्या काठाला लागला होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नकाशा उघडून त्या मार्गावर किती वेळ बोट फिरवत बसलो होतो!

पाचाडला शिवाजी महाराजांचे अधिकारी निराजीपंत यांनी इंग्रज मंडळींचं स्वागत केलं. महाराज तेव्हा भवानीच्या दर्शनाला प्रतापगडावर गेले होते, त्यामुळे पाहुण्यांना खाली थांबावं लागलं. पुढे गडावरच्या मुक्कामातली एक हकिकत डॉक्टर जॉन फ्रायरने १६९८ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात दिली आहे. तिथल्या मोजक्या मुसलमानांना मटण पुरवणारा एक म्हातारा खाटीक होता. इंग्रजांनी महिनाभरात जेवढं मटण खाल्लं, तेवढं त्याचं एरवी कित्येक वर्षांत खपलं नव्हतं. ही गिऱ्हाइकं आहेत तरी कशी, हे बघायला तो म्हातारा गड चढून वर आला. सिंहासन आणि छत्रचामरं यांची वर्णनं आपल्याकडे भरपूर आहेत. पण त्या सोहळ्याला माणसाचा श्वास देतो तो हा धापा टाकत आलेला खाटीक, असं माझं ठाम मत आहे.

याच प्रवासात कालगणनेचीही एक गंमत दडली आहे. सुधारलेलं ग्रेगोरियन कॅलेंडर पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच स्वीकारलं होतं. इंग्रजांनी ते १७५२ पर्यंत घेतलं नाही. दोन्हींत तेव्हा दहा दिवसांचं अंतर होतं. ऑक्झेंडन मुंबईहून निघून चौलच्या वेशीशी पोचला, तेव्हा वेशीच्या आत त्याच्या रोजनिशीपेक्षा दहा दिवस पुढची तारीख चालू होती. आपण राज्याभिषेकाची ६ जून ही तारीख धरतो, ती इंग्रजांच्या जुन्या गणनेची. आजच्या कॅलेंडरने तो दिवस १६ जून १६७४ ठरतो. तिथी मात्र एकच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी.

तिथीचं महत्त्व इथे संपत नाही. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला साधारण सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा पोचते, तेवढी सवड धरायची. आता मोडी पत्रांकडे बघा. त्यांत तिथी हमखास असते. पेणच्या अंतोऱ्याच्या बंदरातून किंवा अष्टमीहून कुणी अमुक तिथीला निघाल्याचं पत्रात असेल, तर मचवा कधी हलला असेल याचा अंदाज साडेतीनशे वर्षांनंतरही बांधता येतो. घाटमाथ्यावरच्या कागदातून एवढं निघत नाही.

माल कोणत्या वाटेने जाणार, हेही काळानुसार तपासायला हवं. रोहे तालुक्यातलं नागोठणं अंबा नदीच्या खाडीवर आहे. तिथला जुना दगडी पूल चौलच्या काझी अलाउद्दीनने १५८२ च्या सुमारास बांधला, असं गॅझेटिअर सांगतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून धरमतर-नागोठण्यापर्यंत आगबोटी येत. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेल्यावर घाटावरचा व्यापार हळूहळू तिकडे वळला.

माणसांच्या बाबतीतही तपशील असेच तपासायला हवेत. पेणच्या बाजारातला तेलाचा घाणा कथेत आणायचा असेल, तर तो शनिवारी बंद ठेवावा लागण्याची शक्यता आहे. या पट्ट्यातले बेने इस्राएल ज्यू तेलाचा धंदा करत आणि शब्बाथ पाळत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणला त्यांचं सिनेगॉग आहे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावं याच गावांवरून पडलेली. त्यांच्यातल्याच बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८८० मध्ये मुंबईत कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं आणि अब्राहाम, योसेफ यांच्या कथा मराठी कीर्तनातून सांगितल्या. पूर्वरंग-उत्तररंगाच्या आपल्या परंपरेत बायबलचा योसेफ! आपल्या वाङ्मयेतिहासांत याला जेमतेम एखादी ओळ मिळते, ही मला मोठी उणीव वाटते.

पेणच्या खारेपाटात फिरल्यावर आणखी एक गोष्ट कळते. इथली शेती समुद्राकडून मागून घेतलेल्या जमिनीवर आहे. मातीचा बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि बांधात उघाडी बसवायची. उघाडीची लाकडी झडप भरतीच्या रेट्याने आपोआप मिटते, ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. बांधाला खांड गेली, की पुढच्या भरतीच्या आत ती बुजवायला गावाने चिखलात उतरायचं. खारं पाणी एकदा आत शिरलं, तर त्या हंगामाचं भात गेलंच. कादंबरीकाराला लढाईच हवी असेल, तर ही लढाई इथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

हे सगळं शोधायचं कुठे? पुण्यातलं पेशवे दप्तर आणि १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ अभ्यासकांना खुलं आहे. पण मचव्यांचे, मिठाचे, उघाड्यांच्या दुरुस्तीचे हिशेब बहुतेक घराघरांत पडलेले असतात. पेण, रोहे, अष्टमी, नागोठणे इथल्या वाचकांना एक विनंती आहे. माळ्यावर मोडी लिपीतल्या वह्या असतील, तर यंदाच्या साफसफाईत त्या रद्दीत घालू नका. मोडी वाचणाऱ्या माणसाला त्या आधी दाखवा.