८० सेकंदांचा उशीर

जपानी रेल्वेचं कौतुक आपल्याकडे बहुधा फलाटावर ताटकळतानाच होतं. ते खोटंही नाही. १९६४ साली शिंकान्सेन सुरू झाली, तेव्हापासून टक्कर होऊन किंवा गाडी घसरून तिच्यातला एकही प्रवासी दगावलेला नाही. पण त्याच देशातल्या साध्या लोकल गाड्यांचा इतिहास वाचताना मन चरकतं.

२४ एप्रिल १९५१. योकोहामातल्या साकुरागिचो स्टेशनाजवळ तुटलेल्या ओव्हरहेड वायरमुळे लोकलने पेट घेतला. खिडक्या तीन भागांच्या, मधला भाग पक्का बसवलेला. अंग बाहेर निघेना. दारं हाताने उघडण्याची कळ होती, पण कुठे आहे हे प्रवाशांना ठाऊक नव्हतं. १०६ माणसं गेली. मग रेल्वेने त्या कळीची जागा सर्वांना दिसेल अशी लिहून ठेवली.

३ मे १९६२ च्या रात्री टोकियोत मिकावाशिमापाशी सिग्नल ओलांडून आलेली मालगाडी घसरली आणि एक लोकल तिला धडकली. मार फारसा नव्हता. या वेळी कळ लोकांना माहीत होती! त्यांनी दारं उघडली, खाली उतरले आणि शेजारच्या रुळांवरून चालू लागले. समोरची गाडी मात्र कोणी थांबवली नव्हती. सहा-सात मिनिटांत ती त्यांच्यावर आली. मृत १६०. त्यानंतर सिग्नल मोडणारी गाडी आपोआप रोखणारी यंत्रणा देशभर बसवण्यात आली.

यंत्राचा बंदोबस्त झाला, पण माणसाच्या मनातल्या धास्तीचं काय? २५ एप्रिल २००५ ला आमागासाकीत २३ वर्षांचा मोटरमन गाडी चालवत होता. आदल्या स्टेशनात गाडी सुमारे ७२ मीटर पुढे गेली होती. त्याने गार्डला अंतर कमी सांगण्याची गळ घातली. गार्डने कंट्रोलला आठ मीटर सांगितले. अशाच एका चुकीबद्दल तो आधी तेरा दिवस ‘पुनर्शिक्षण’ भोगून आला होता. तिथे अहवालांवर अहवाल लिहून घेत, काहींना तण उपटायलाही लावत.

मी जन्मभर बँकेत काढलेला माणूस. संध्याकाळी रोकड दहा रुपयांनी कमी भरली की काउंटरवरचा पोरगा ते मुकाट्याने खिशातून घालतो, साहेबाला सांगत नाही. साहेब कसा आहे, हे मला त्यावरून कळायचं.

गाडीला सुमारे ८० सेकंद उशीर झाला होता. चौकशी अहवालानुसार गार्ड कंट्रोलशी काय बोलतो याकडेच मोटरमनचं लक्ष लागलेलं असावं. ७० ची मर्यादा असलेल्या वळणावर गाडी ताशी ११६ किलोमीटर वेगाने शिरली आणि एका नऊमजली इमारतीवर आदळली. मोटरमनसह १०७ जण ठार. वळणावर वेग तपासणारी नवी यंत्रणा तिथे बसायची होती, बसलेली नव्हती. कंपनीच्या माजी अध्यक्षांवर खटले चालले. सारे निर्दोष सुटले.

नकळत झालेल्या चुकीबद्दल कर्मचाऱ्याला शिक्षा करायची नाही, असा नियम त्या कंपनीने २०१६ साली केला. त्या इमारतीचे खालचे चार मजले आता छप्पर घालून जपून ठेवले आहेत.