आपल्या मापाची कयाक

किन्हवलीच्या बाजारात कयाकचं सामान मागितलं, तर कोणी ते काढून देणार नाही. शहापूर–मुरबाड रस्त्यावरचं हे भातशेतीच्या मुलखातलं गाव. इथली खरेदी बी-बियाणं, खत, ताडपत्री, पाइप आणि दोरीची. तरीही कारखान्यातून आलेली प्लास्टिकची साधी कयाक इथल्या पाण्याला साजेशी करायची म्हटली, तर लागणारं बहुतेक सामान शेतीच्या पाइपांचं दुकान, टायरवाला आणि पाण्याच्या टाक्यांना जोड देणारा कारागीर यांच्याकडेच मिळतं. उरलेल्या बकला आणि पट्ट्यांसाठी उल्हासनगर फार लांब नाही.

आधी पाण्याचं बोलू. तानसा धरण 1892 सालचं, मोडक सागर 1957 सालचं, शिवाय भातसा आणि मध्य वैतरणा. मुंबईचं पिण्याचं पाणी मुख्यतः याच डोंगराळ भागातून जातं आणि त्यात सर्वांत मोठा वाटा भातसाचा. या जलाशयांवर परवानगीशिवाय होडी घालण्याचा प्रश्नच येत नाही. हौशी माणसाच्या वाट्याला येतात त्या काळू, शाई यांसारख्या नद्या आणि त्यांच्यावरच्या बंधाऱ्यांमागे तुंबलेलं पाणी. पावसाळ्यात या नद्यांच्या जवळही जायचं नाही. पाऊस ओसरल्यावर कोल्हापुरी बंधाऱ्यांना फळ्या बसतात, मागे शांत, लांबट पाणी उभं राहतं, आणि उन्हाळ्यात ते आटेपर्यंतचे काही महिने कयाकचे. म्हणजे आपली कयाक उथळ, अरुंद, बुडाशी दगड आणि काठाला करंजाची मुळं असलेल्या पाण्यातली. समुद्रातल्या लांब पल्ल्याची गोष्ट वेगळी. कौस्तुभ खाडे 2015 साली मुंबईहून गोव्यापर्यंत एकट्यानं वल्हवत गेले. तसल्या प्रवासाला लांब, निमुळती कयाक लागते. इथे तीन मीटरची, रुंद बुडाची, वर उघड्यावर बसायची कयाक पुरते.

पण ती जशी येते तशी कोणाच्याच मापाची नसते. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट शिकाऱ्यांनी लाकडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून कयाक घडवली, तेव्हा माप घ्यायला स्वतःचं शरीरच होतं. ग्रीनलंडकडची एक जुनी रीत अशी, की लांबी सुमारे तीन वाव, बसायच्या जागेची रुंदी कमरेपेक्षा दोन मुठी जास्त, आणि खोली एक मूठ अन् ताठ अंगठा. एकाची कयाक दुसऱ्याला बसायचीच असं नाही. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकमध्ये हे माप नसतं. ते आपण घालायचं असतं. कयाकच्या सगळ्या घरगुती सुधारणा मला तरी या एकाच कामाची अंगं वाटतात.

प्लास्टिक कुठलं, हे कळलं की अर्धं काम कळतं. आपल्या गच्चीवरची काळी टाकी आणि ही कयाक एकाच पद्धतीनं बनतात. पॉलिथिलीनची भुकटी साच्यात घालायची, साचा तापवत सगळ्या बाजूंनी फिरवायचा, म्हणजे आतून सलग, बिनजोड कवच तयार होतं. या प्लास्टिकला गोंद जवळपास धरतच नाही. पाइपचा सॉल्व्हंट सिमेंट पीव्हीसीला विरघळवून एकजीव करतो, पण पॉलिथिलीनवर नुसता सुकून खपली होऊन निघतो. एम-सीलचंही तेच. म्हणून तडा गेला तर टाकीवाल्याकडे जायचं. तो तापलेल्या लोखंडानं त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी वितळवून तड्यात भरतो, आणि घाई केली नाही तर तो जोड वर्षानुवर्षं टिकतो. काही बसवायचं असेल, तर भोक पाडून पॉप रिव्हेट मारायचा किंवा नट-बोल्ट लावायचा. आतून रुंद वायसर, मधे रबर आणि कडेला सिलिकॉन. पाण्याच्या रेषेखाली एकही भोक नको. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत, कारण झाकलेल्या जागचा गंज फार उशिरा दिसतो.

सुरुवात बैठकीपासून करावी. कयाकबरोबर येणाऱ्या खळग्यात तासभर बसलं की कंबर बोलायला लागते, म्हणून लोक उंच खुर्ची बसवतात. इथे थोडं थांबावं. बैठक चार बोटं वर गेली, की माणसाचा सगळा भार चार बोटं वर जातो आणि होडी तेवढी डळमळीत होते. फोमची जाड चटई दोन थरांत कापून, मागे पट्टीनं ताणलेली पाठ दिली तर कंबरेला आधार मिळतो आणि उंचीही फार वाढत नाही. त्याहून मोलाचा आहे पायांचा टेकू. वल्ह्याचा जोर दंडांतून कमी आणि पायाच्या रेट्यातून जास्त येतो. पाय लोंबकळत असतील तर ताकद हवेत जाते.

मासे धरायचे असतील तर गळ ठेवायला पीव्हीसीचा नळा लागतो. एक टोक तिरकं कापायचं, तोंड गरम हवेनं थोडं पसरवायचं. उकळत्या पाण्याच्या आसपासच्या उष्णतेला पीव्हीसी मऊ पडतं, त्यामुळे हे घरी जमतं. वल्ह्याच्या दांडीवर जुन्या ट्यूबची दोन गोल कडी चढवली की पात्यावरचं पाणी ओघळून बाहीत येत नाही. नांगराला मात्र डोकं लावावं लागतं. होडीच्या मधोमध आडवा बांधलेला नांगर वाहत्या पाण्यात होडीला आडवी धरतो, आणि आडवी होडी पाणी सहज उलथवतं. म्हणून नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोन कप्प्यांवरून फिरणारी दोरी लावतात. नांगर त्या दोरीतल्या कडीला. जागेवर बसून दोरी ओढली की नांगराची ओढ टोकाला जाते. शिवाय कमरेला, हात सहज पोहोचेल अशी, दोरी कापायला सुरी हवीच.

या सगळ्यात मला सर्वांत आवडणारी जोडणी उलांडी आहे. सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या लहान होड्यांना बाजूला दोन लाकडांनी जोडलेला हलका ओंडका असतो. तो होडीला कलंडू देत नाही. जगभरच्या कयाकवाल्यांनी हीच युक्ती पीव्हीसी पाइपात उतरवली आहे. शेतीचा 110 मिलिमीटरचा पाइप मीटरभर घेतला, दोन्ही तोंडं एंड कॅपनं बंद केली, तर तो सुमारे साडेनऊ लिटर पाणी बाजूला सारतो. एक लिटरला एक किलो या हिशेबानं त्याची तरंगण्याची ताकद साडेनऊ किलोची. पाइपचं स्वतःचं वजन वजा जाता आठ धरू. तो मध्यरेषेपासून पाऊण मीटर दूर बसवला, तर साठ किलोच्या माणसानं बसल्या जागी दहा सेंटिमीटर बाजूला झुकण्याचा तोल तो एकटा सावरतो. जाळं ओढताना किंवा मासा ओढताना माणूस साधारण तेवढाच झुकतो. पाइपात थर्माकोल ठासून भरावा, म्हणजे दगडावर आपटून चीर गेली तरी तो बुडत नाही.

1956 साली हान्नेस लिंडेमान हा जर्मन डॉक्टर सुमारे सव्वापाच मीटरच्या घडीच्या, कापडी कयाकमधून अटलांटिक पार करून गेला. 72 दिवस लागले. त्याच्या त्या इवल्या होडीलाही बाजूला उलांडी होती, आणि ती मोटारीच्या टायरच्या ट्यूबपासून केलेली होती.

ट्यूब म्हटलं की महाराष्ट्रातल्या धरणांवरचे मासेमार आठवतात. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ते पहाटे जाळी सोडतात, कटला, रोहू, मरळ घेऊन परततात. आपल्या पाण्यासाठी आपल्या हातानं होडी करणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. त्यांचं कौशल्य मोठं आहे आणि त्यांच्या अंगावर बहुधा जीवरक्षक जाकीट नसतं, हे मला सतत टोचतं. कयाकच्या हौशीवर जेवढा पैसा उधळला जातो, त्याच्या किती लहान हिश्शात त्या तराफ्यांभोवती पकडायला दोरी, पंक्चरला न जुमानणारी भर आणि माणशी एक जाकीट होईल. मत्स्य सहकारी संस्थांनी जाळ्यांबरोबर हेही मागून घ्यावं.

म्हणूनच खरेदीचा क्रम मी असा सांगेन. पहिलं जाकीट, अंगावर घट्ट बसणारं आणि घातलेलं. दुसरी, पोकळ कवचात भर. झाकणं घट्ट लावलेल्या दोन लिटरच्या दहा रिकाम्या बाटल्या आत बांधून ठेवल्या, तरी पाणी भरलेल्या कयाकला वीस किलोची उचल मिळते. तिसरं, काठाला चारी बाजूंनी धरायची दोरी आणि एक पट्टीचा फास, ज्यात पाय अडकवून पाण्यातून वर चढता येईल. गळाचे नळे आणि मोबाइलचा स्टँड त्यानंतर.

एक इशारा खास आपल्या नद्यांचा. बंधाऱ्यावरून पाणी सांडत असेल तर वरून किंवा खालून, कुठूनही जवळ जाऊ नये. सांडव्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरतं आणि तरंगणारी वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. तिथे जाकीटही पुरेसं ठरत नाही. धरणाखालच्या नदीत सोडलेल्या पाण्यानं पातळी अचानक चढते, तेही ध्यानात ठेवावं.

जोडणी पूर्ण झाली की पहिली फेरी कमरेएवढ्या पाण्यात, काठावर दोघं उभे असताना. मुद्दाम कलंडायचं. उलांडी कुठपर्यंत सावरते आणि कुठे हार मानते ते पाहायचं. मग पोटावर आडवं पडून, पाय मारत होडीवर यायचं, कूस बदलून बसायचं. फास आखूड पडतो का, नांगराची दोरी पायात येते का, गळाचा नळा बरगडीला लागतो का, हे तेव्हाच कळतं. मग काठावर येऊन रिव्हेट काढायचा, नळा वीतभर मागे न्यायचा, जुनं भोक बुजवायचं आणि पुन्हा पाण्यात उतरून कलंडायचं.