बंद घराची हवा आणि बचतीचा हिशेब

विजेचे बिल कमी यावे म्हणून आम्ही व्यापारी दुकानाला काच लावतो, फटी बुजवतो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने घरांबाबत हाच हिशेब केला. तेल वाचले, कोंडलेल्या हवेत काय साचते, ते मागाहून कळले.

पेनसिल्व्हेनियातील स्टॅन्ली वॉट्रस हे लिमरिक अणुवीज केंद्रात अभियंता होते. डिसेंबर १९८४ मध्ये तेथील किरणोत्सर्गाची घंटा त्यांच्यामुळे वारंवार वाजू लागली. केंद्रात वीजनिर्मिती तर सुरूच झाली नव्हती! एके दिवशी ते आत शिरतानाच घंटा वाजली, तेव्हा उलगडा झाला की बला घरून येत होती. घरात रेडॉन वायू हवेच्या लिटरमागे सुमारे २७०० पिकोक्युरी निघाला. तेथील सरकार ४ झाले तरी उपाय करा म्हणते.

घराखालच्या जमिनीतील युरेनियमपासून हा वायू बनतो. रंग नाही, वास नाही. पायाच्या भेगांतून वर येतो, बंद घरात साठतो. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर याचाच नंबर. इलाज मात्र साधा: फरशीखालून पाइप काढायचा, पंखा लावायचा आणि वायू छपरावर सोडायचा.

आमच्या कापडबाजारात प्रश्न रेडॉनचा नाही, फॉर्मल्डिहाइडचा आहे. सुरकुती न पडणाऱ्या कापडाच्या फिनिशिंगमधून तो सुटतो. नवी गाठ उघडली की नोकरांचे डोळे चुरचुरतात, आणि स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो. आम्ही गोदामाला एक्झॉस्ट पंखा बसवला. बिल थोडे वाढले, पोरांची तक्रार थांबली.